अम्मीचा रिपोर्ट अम्मीपासून लपवू नका

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत पारगाव आहे, आणि दोन्हीकडच्या घरांत ही गोष्ट सारखीच घडू शकते. अम्मीचं पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं. गॅस समजून काही महिने जातात. मग नारायणगाव किंवा मंचरला सोनोग्राफी होते आणि तिथून पुणे. रिपोर्ट येतो: अंडाशयाचा कर्करोग, तिसरी स्टेज. तो वाचता येतो घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला. मोठी माणसं लगेच बजावतात, "अम्मीला काही सांगायचं नाही."

तरुण मित्रांनो, हे बजावणं मायेपोटी असतं. तरी ते मानू नये असं माझं मत आहे. मात्र सांगण्याआधी आपण स्वतः आजार समजून घेतला पाहिजे.

पहिल्या स्टेजमध्ये हा कर्करोग अंडाशयापुरता असतो, दुसऱ्यात ओटीपोटात पसरतो. तिसऱ्यात तो पोटाच्या आतल्या आवरणावर किंवा लसिकाग्रंथींत पोहोचतो. चौथ्यात तो पोटाबाहेर किंवा यकृताच्या आत गेलेला असतो. सुरुवातीला ठळक लक्षणं नसतात आणि सरसकट सर्व स्त्रियांसाठी भरवशाची पूर्वतपासणीही नाही. म्हणून बहुतेकींचा आजार उशिराच कळतो. "आधी का नेलं नाही?" असं म्हणून अब्बूंना किंवा आपाला दोष देऊ नका.

उपचार म्हणजे ऑपरेशन आणि केमोथेरपी. पुष्कळ जणींना चांगला गुण येतो. पोटातलं पाणी कमी होतं, रक्तातलं सीए-125 उतरतं आणि घरात मिठाई वाटली जाते. पण पुढच्या स्टेजचा हा आजार बहुतेकींमध्ये काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत येतो. शेवटच्या केमोनंतर सहा महिन्यांहून जास्त काळाने परतला, तर त्याच प्रकारची औषधं पुन्हा लागू पडण्याची शक्यता बरी असते. लवकर परतला, तर कमी. उपचार, उसंत, पुन्हा उपचार अशी ही वाट असते. त्यातली उसंत मोलाची असते.

किती दिवस? अमेरिकेतल्या नोंदींनुसार, निदानाच्या वेळी आजार दूरवर पसरलेला असेल तर पाच वर्षांनी दहापैकी साधारण तीन स्त्रिया हयात असतात. हा आकडा समूहाचा आहे. एकटीचं आयुष्य तो सांगत नाही. स्मिता तळवलकर यांना 2010 मध्ये हा आजार झाल्याचं कळलं, ऑगस्ट 2014 मध्ये त्या गेल्या. मनीषा कोईराला यांना 2012 मध्ये कळलं. 2024 मध्ये त्या 'हीरामंडी'त दिसल्या.

म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा. दिसणारी सगळी गाठ ऑपरेशनमध्ये निघाली का? उपचाराचा हेतू आजार घालवणं आहे की आटोक्यात ठेवणं? बीआरसीए जनुकाची तपासणी करायची का? त्या तपासणीवर औषधं ठरू शकतात, आणि दोष आढळला तर मुली, मुलगे, खाला यांनाही सावध व्हावं लागतं.

आता अम्मीकडे येऊ. वसीयत तिची आहे. कोणाचं देणं राहिलंय, दागिने कोणाला द्यायचे, केमो सुरू असताना रमजानचे रोजे ठेवायचे की फिदया द्यायचा, आणखी एक केमो घ्यायची की घरी राहायचं, हे तिने ठरवायचं आहे. तिला अंधारात ठेवलं तर हे सगळे निर्णय आपण तिच्या हातून काढून घेतो. शिवाय तिला कळतंच. मग ती आपल्यासाठी आणि आपण तिच्यासाठी नाटक करत बसतो.

एवढंच विचारा, "अम्मी, डॉक्टर काय म्हणाले ते किती सांगू?" ती "नको, अब्बूंशी बोल" म्हणाली, तर तेही मान्य करा. पण ते तिने म्हटलेलं असू द्या. शिफा अल्लाहच्या हातात आहे, हे खरंच. ते वाक्य गप्प बसण्याचं निमित्त होऊ नये.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा. वेदना, उलट्या, पोटातलं पाणी यांवर पॅलिएटिव्ह केअर उपचारांबरोबरच सुरू करता येते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून ही सेवा विनामूल्य देतं. तिथे जाणं म्हणजे हार मानणं नव्हे. जेवढे दिवस आहेत तेवढे अम्मीला कमी त्रासाचे आणि तिच्या मर्जीचे मिळावेत, हा तिचा आपल्यावरचा हक आहे.