फ्लोरेन्सच्या टोकावरची छत्री

फ्लोरेन्ससाठी आमच्याकडे दीड दिवस होता आणि तो मी घरूनच एक्सेल शीटमध्ये भरून नेला होता. सकाळी आठ वाजता अकादमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिड, मग बाजारात खाणं, साडेअकराला ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायची वेळ, दुपारी उफ्फीझी, संध्याकाळी टेकडीवरून सूर्यास्त. घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, म्हणून तिथे मी एकटीच जाणार होते. आई-बाबांनी तेवढा वेळ खाली बाप्तिस्मागृह बघायचं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे आम्ही तिघंच होतो आणि तिघांची तिकिटं, वेळा, पासपोर्टच्या झेरॉक्स सगळं माझ्याकडे.

आदल्या रात्री हॉटेलवर थेपल्याचं पाकीट उघडता उघडता बाबा म्हणाले, "उद्या सकाळी त्या छत्रीला जाऊन येऊ या."

"छत्री घेतलीय मी बॅगेत," आई म्हणाली.

ती नव्हे. बाबांना म्हणायची होती ती राजाची छत्री. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. कोल्हापूरचे एक महाराज फ्लोरेन्समध्ये वारले आणि नदीकाठी त्यांची छत्री आहे, एवढं बाबांनी कधीतरी वाचून ठेवलं होतं. मी नकाशा उघडला. गावाच्या पश्चिमेला काशिने नावाची लांबच लांब बाग आहे, तिच्याही अगदी शेवटच्या टोकाला ती छत्री. मी सांगितलं की हे शीटमध्ये बसत नाही. घुमटाची वेळ चुकली तर पैसे परत मिळत नाहीत, शिवाय तीन किलोमीटर चालणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी थेपल्याचं पाकीट घडी घालून ठेवलं आणि दिवा मालवला. आमच्या घरात वाद असेच होतात आणि असेच हरले जातात.

सकाळी डेव्हिडसमोर उभे असताना (5.17 मीटर उंच आहे, फोटोत ते कळतच नाही) मीच म्हटलं, "चला, जाऊ या तुमच्या छत्रीला." मोठं मन वगैरे काही नाही. रात्री झोप येईना म्हणून त्या महाराजांबद्दल शोधत बसले होते आणि त्यांचं वय वाचून गप्प झाले होते.

राजाराम महाराज 13 एप्रिल 1850 ला जन्मले. 1866 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आले आणि 1870 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ. आपल्या सयाजीरावांची पहिली युरोपवारी 1887 ची, म्हणजे हे त्यांच्याही सतरा वर्षं आधी गेलेले. राणी व्हिक्टोरियाची भेट, पार्लमेंट, नाटकं असं सगळं बघून झालं. ते रोजनिशी लिहीत, तीही इंग्रजीत. सोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती 1872 मध्ये लंडनला छापून घेतली. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लोरेन्समधल्या एका हॉटेलात गेले. वय वीस वर्षं, सात महिने. माझ्या टीममध्ये कॉलेज संपवून नुकतीच आलेली मुलं याहून मोठी असतात, आणि त्यांना टॅक्सीचं बिल कुठे भरायचं हेही मला सांगावं लागतं.

स्टेशनाजवळून टी-1 ट्राम मिळते. दोन-तीन थांब्यांनंतर काशिने. तिथून बाग सुरू होते आणि अर्नो नदीला धरून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब जाते. कधीकाळी ही मेदिची घराण्याची गुरं राखायची आणि शिकारीची जागा होती. 'काशिना' म्हणजे दुधदुभत्याचा गोठा किंवा शेतवाडी, त्यावरून हे नाव. मंगळवारी सकाळी इथे मोठा आठवडी बाजार भरतो. आम्ही गेलो तो मंगळवार नव्हता. त्याचं आईला फार वाईट वाटलं, ते मला रोममध्ये पोचेपर्यंत ऐकावं लागलं.

चालायला सपाट रस्ता आणि दोन्हीकडे उंच झाडं. ऑक्टोबर असल्यामुळे पायाखाली पाचोळा. पळणारी माणसं, कुत्री फिरवणारी म्हातारी मंडळी, सायकलवर शाळेची पोरं. पर्यटक एकही नाही. दर बाकावर बसत, गुडघे चोळत, थेपले खात आम्ही पुढे जात होतो. स्पष्टच सांगते, साठीच्या पुढचं माणूस बरोबर असेल तर अख्खी सकाळ हाताशी ठेवा. चालणाऱ्याला पाऊण तास पुरेल, आम्हाला त्याच्या दुप्पट लागला.

टोकाला झाडं विरळ होतात, अर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी येऊन मिळते, आणि त्या संगमाजवळ लोखंडी कठड्यात एकदम आपली छत्री उभी. खांब, वर घुमट, आणि त्याखाली तरण्या मुलाचा रंगवलेला अर्धपुतळा. डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. चौथऱ्याच्या चारही बाजूंना लेख कोरलेले. त्यात देवनागरी दिसल्यावर आईने चपला काढल्या. कठड्याबाहेर, पाचोळ्यात, मोज्यांवर उभी राहिली.

बाबा मात्र पुतळ्याकडे बघतच नव्हते. ते वरच्या घुमटाकडे आणि त्याच्या कडेला असलेल्या नक्षीकडे बघत होते. मग म्हणाले, "हे आपल्याकडचं आहे."

"कोल्हापूरचं."

"नाही गं, बडोद्याचं."

मला वाटलं ऊन लागलं यांना. पण ते बरोबर होते, निदान अर्धे तरी. पुतळा फ्लोरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे, पण छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हिंदुस्थानात नेमणूक असलेले हे लष्करी इंजिनिअर. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांचाच, आणि आपला लक्ष्मी विलासही मुळात त्यांनीच आखलेला. छत्री 1874 ची, लक्ष्मी विलासचं काम त्यानंतर काही वर्षांनी सुरू झालं. 1881 मध्ये मँट गेले आणि राजवाडा पुढे चिझम यांनी 1890 मध्ये पुरा केला. ज्या कमानींवरून बाबा चाळीस वर्षं सायकलने आणि मग स्कूटरने ऑफिसला जात होते, त्यांच्या आधीची एक वस्तू इटलीतल्या एका बागेच्या टोकाला उभी होती. मला ती घरी बसून वाचायला मिळाली असती. बाबांनी डोळ्यांनी ओळखली.

मग आम्ही समोरच्या बाकावर बराच वेळ बसलो. मी फोनवर वाचलेलं सांगत होते. त्या वर्षी फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती. इटलीच्या सैन्याने रोम घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते, राजधानी तिकडे 1871 मध्ये हलली. आदल्या संध्याकाळी ज्या रंगीत संगमरवरी दर्शनी भिंतीसमोर आम्ही चाळीस फोटो काढले, ती कॅथेड्रलची भिंत तेव्हा नव्हतीच, ती पुरी झाली 1887 मध्ये. डेव्हिडही तेव्हा उघड्यावर, चौकात उभा होता, त्याला 1873 मध्ये आत हलवलं. आणि त्या देशात माणसाला दहन द्यायची पद्धत नव्हती. इटलीतलं आधुनिक काळातलं पहिलं रीतसर दहन मिलानला झालं, ते 1876 मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी महाराजांबरोबरच्या मंडळींनी हॉटेलातून नगरपालिकेकडे मागणं केलं असेल की आम्हाला नदीकाठी, शक्यतो संगमावर, चिता रचायची आहे. भाषा येत नाही, लाकूड कुठून आणायचं माहीत नाही, आणि वेळ एका रात्रीचा. नगरपालिकेने खास परवानगी दिली. मध्यरात्र उलटल्यावर इथेच अग्नी दिला गेला आणि गावातली माणसं बघायला जमली.

बाबांनी विचारलं, "काय गं, मला इथे काही झालं तर तू काय करशील?"

"बाबा, काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? त्या लोकांना एका रात्रीत ठरवायला लागलं. तू निदान आधी विचारून ठेवू शकतेस."

मी एकुलती एक. बाबांना बीपी आहे, आईला मधुमेह. त्यांच्या गोळ्यांची यादी माझ्याकडे दोन ठिकाणी असते, पण हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. मी पाचोळ्यात बुटाने रेघा मारत बसले.

बाबाच पुढे म्हणाले, "मला घरी नेण्याची खटपट करू नका. जिथे असेन तिथे करून टाका. फक्त तुझ्या आईला परक्या गावात आठ दिवस कागदांसाठी ताटकळत ठेवू नकोस."

"आणि माझं?" आई म्हणाली. "मला कोणी विचारलंच नाही. मला घरी न्यायचं. इथली थंडी मला सोसत नाही."

आम्ही तिघंही हसलो. बाबा सर्वांत जास्त. पण चव्वेचाळीस वर्षं एकाच घरात राहून दोघांचं उत्तर वेगळं निघालं होतं, आणि बाबांनी आईचं उत्तर गृहीत धरलं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मीही दोघांचं एकच असेल असंच धरून चालले होते.

घुमटाची साडेअकराची वेळ तिथेच बसून टळून गेली.

निघताना बाजूच्या मोठ्या पुलाकडे बघितलं. तारांनी तोललेला, 1978 चा, अर्नोवरून गाड्या नेणारा. त्याचं नाव पोन्ते आल्'इंदियानो, म्हणजे 'त्या हिंदी माणसापाशी असलेला पूल'. बागेच्या या टोकालाही तिथले लोक इंदियानोच म्हणतात. कुत्रं घेऊन आलेल्या एका आजोबांना बाबांनी पुतळ्याकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं, तर ते उत्साहाने म्हणाले, "इंदियानो, इंदियानो!" नाव त्यांना ठाऊक नसावं. बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "राजाराम." आजोबांनी ते दोनदा म्हणून बघितलं, 'र' अगदी घोळवून.

त्या रात्री हॉटेलवर मी आमची विम्याची पॉलिसी पहिल्यांदा वाचली. शेंगेन व्हिसा काढताना आपण सगळेच ती घेतो. किमान 30,000 युरोचं संरक्षण लागतं, आणि नियमानुसार त्यात उपचार, हॉस्पिटल यांबरोबर आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. व्हिसासाठी लागते म्हणून आपण सर्वांत स्वस्त पर्यायावर टिचकी मारतो आणि पीडीएफ मेलमध्ये पडून राहते. मीही तेच केलं होतं. वाचायला चाळीस मिनिटं लागली. त्यातल्या चार गोष्टी कामाच्या निघाल्या. मदतीसाठी फोन कुठे करायचा. हॉस्पिटलात भरती करण्याआधी कळवायचं की नंतर चालतं. आधीपासून असलेला आजार, म्हणजे आमच्याकडे बीपी आणि साखर, विम्यात धरलाय का आणि कितीपर्यंत. आणि मृत्यू झाला तर मायदेशी पाठवण्याऐवजी तिथेच अंत्यविधी करायचा असेल तर तो खर्च मिळतो का. माझ्या पॉलिसीत मिळत होता, पण वेगळ्या, बऱ्याच कमी मर्यादेत. पॉलिसी-पॉलिसीत हे बदलतं, तेव्हा तुमची तुम्हीच उघडून बघा, तीही विमानात बसायच्या आधी. आधीचा आजार अर्जात लपवू नका. प्रीमियम हजार-दोन हजारांनी वाढतो म्हणून घरातली मोठी माणसं "काही लिहू नकोस" म्हणतात. ऐकू नका त्यांचं. भारतीय दूतावासाचा आणि जवळच्या वाणिज्य दूतावासाचा नंबर कागदावर लिहून आई-बाबांच्या पाकिटातही ठेवा, कारण फोन नेमका तुमच्याकडे असतो आणि तुम्ही घुमटावर असता.

घुमट माझा राहिलाच. दुसऱ्या दिवशी एकही वेळ शिल्लक नव्हती. बाबांनी सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर छत्रीचा फोटो टाकून खाली लिहिलं, "लक्ष्मी विलासचा थोरला भाऊ भेटला," आणि कमाटीबागेत चालणाऱ्या अकरा ज्येष्ठांनी अंगठे दाखवले.

माझ्या एक्सेल शीटमध्ये तिकिटं आणि गोळ्यांच्या पानांशेजारी आता आणखी एक पान आहे. बाबांच्या नावापुढे लिहिलंय 'जिथे असतील तिथे', आईच्या नावापुढे 'घरी'. माझ्या नावापुढची चौकट अजून रिकामी आहे. नवऱ्याशी बोलायचं राहिलंय.