दिनचर्या इंग्रजीत सांगायची, पण कोणाची?



‘माय डेली रूटीन’ हा निबंध तुमच्याही वर्गात झालाच असेल. आय गेट अप ॲट सिक्स ओक्लॉक. आय ब्रश माय टीथ. माय मदर मेक्स ब्रेकफास्ट. माझ्या वर्गात तो सगळ्यांच्या वहीत एकसारखा होता, कारण फळ्यावर मीच लिहून दिला होता. सगळी पोरं सहाला उठत होती आणि सगळ्यांच्या आया ब्रेकफास्ट करत होत्या.

मागच्या हिवाळ्यात चौथीतल्या एका मुलीला म्हणायला उभं केलं. ‘माय मदर’पर्यंत आली आणि थांबली. मी दोनदा विचारलं, "पाठ केलं नाही का?" ती गप्प. शेवटी शेजारची बोलली, "सर, तिची माय कारखान्याला गेलीय ना." आईबाप ऊसतोडीला, घरी आजी आणि लहान भाऊ. भाकरी ती स्वतःच थापते. निबंध तिला पाठ होता, म्हणवत नव्हता. चूक माझी होती.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. बोलायचं इंग्रजी शिकवायचं असेल तर आधी लेकराचा खरा दिवस घ्या, इंग्रजी मागून येऊ द्या. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे आज शाळेत भेटणारे बरेच तरुण पालक स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेत. तरी ‘व्हॉट टाइम डू यू गेट अप?’ विचारलं की हसून मान खाली घालतात. निबंध सगळ्यांनी लिहिला, प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. खऱ्या बोलण्यात कोणी अख्खा दिवस एका दमात म्हणून दाखवतं का? एक विचारतो, दुसरा दोन शब्दांत सांगतो.

आता थोडं व्याकरणाचं. पोरांची नेहमीची चूक म्हणजे ‘आय ॲम गेटिंग अप ॲट सिक्स’. काळांची नावं सांगून मी थकलो. उपाय सापडला तो आपल्या परभणीच्या बोलीत. आपली पोरं ‘मी जेवायलो’ म्हणतात आणि आपण लगेच ‘जेवत आहे म्हण’ म्हणून टोकतो. जरा थांबा. ‘मी आठला जेवतो’ हे रोजचं, ‘मी जेवायलो’ हे आत्ताचं. पहिल्याला ‘आय ईट’, दुसऱ्याला ‘आय ॲम ईटिंग’. ‘उठतो का उठायलो?’ एवढं विचारलं की पोरगं आपणच वाक्य सुधारतं. ज्या बोलीला आपण अशुद्ध म्हणतो तिनंच इथं काम केलं.

घड्याळाचंही तसंच. ‘ओक्लॉक’च्या मागं फार लागू नका. एका पोराचा बाप एक आठवडा दिवसा रानात जातो, दुसऱ्या आठवड्यात रात्री, कारण मोटारीची लाइट तेव्हाच असते. त्याच्याकडून ‘समटाइम्स माय फादर गोज टू द फार्म ॲट नाइट’ हे वाक्य निघालं आणि ‘समटाइम्स’ अख्ख्या वर्गाला एका दिवसात कळलं. भाकरीला इंग्रजी शब्द शोधत बसलो नाही. भाकरी इंग्रजीतही भाकरीच.

एक पालक मात्र नाराज झाले. "सर, शेण काढते, पाणी भरते हे काय इंग्रजीत सांगायचं असतं? पोरगी फाडफाड बोलली पाहिजे." त्यांचं मला कळतं. गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस येते, त्या बसमधली लेकरं काय बोलतात ते त्यांना दिसतं, आणि आमचा पट दरवर्षी खाली येतो ते मला दिसतं. पण पाठ केलेलं फाडफाड गॅदरिंगपुरतं टिकतं. मधेच कोणी एक प्रश्न विचारला की संपलं. आणि लाज कशाची? आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण, झाडलोट, पाणी भरणं हेच अभंगात आणलं. आपण ते सातशे वर्षांनी अजून म्हणतो.

त्या मुलीला मी पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, या वेळी उभं न करता, दुपारच्या सुट्टीत.

"हू मेक्स भाकरी ॲट युवर होम?"

"आय डू."

"एव्हरी डे?"

"एव्हरी डे. संडे, आजी." मग थोडं थांबून, "सर, हू मेक्स भाकरी ॲट युवर होम?"

मी म्हणालो, "माय वाइफ." ती हसली आणि म्हणाली, "एव्हरी डे?"