कॉम्प्रेसरची टाकी गळतेय? वेल्डिंग नको, टाकीच बदला!
अकोल्याच्या डाळ मिलपासून अमरावतीच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत कॉम्प्रेसर दिवसभर चालतो. बिघडला की पिस्टन, रिंग बदलतात. टाकीकडे कुणी बघत नाही. खरा धोका तिथंच आहे. हवा दाबली की बाष्पाचं पाणी होऊन तळाशी साचतं, पत्रा आतून गंजतो. ८ किलो प्रेशरला टाकीच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे साडेसात टन भार पडतो. म्हणून छिद्रावर वेल्डिंग मारणं ही दुरुस्ती नव्हे; बाजूचा पत्राही पातळ झालेला असतो. १९४८च्या कारखाने कायद्यात प्रेशरच्या यंत्रांसाठी कलम ३१ होतं, पण छोटं दुकान त्याच्या बाहेरच राहिलं. तिथं काळजी मालकानंच घ्यायची. रोज ड्रेन कॉक उघडा, सेफ्टी व्हॉल्व्ह कधीच जाम करू नका, गळकी टाकी भंगारात द्या. खर्च जड वाटेल. पण टाकीशेजारी दिवसभर कामाला बसणाऱ्या पोराचा जीव त्याहून मोठा आहे.