मधुमेह आणि वंशाची सबब

एकेकाळी प्रौढांचा मानला गेलेला मधुमेह आता किशोरवयातच गाठू लागला आहे. अमेरिकेत १० ते १९ वर्षे वयाच्या दर हजार मुलांमागे टाइप २ मधुमेहाचे प्रमाण २००१ साली ०.३४ होते, २०१७ साली ते ०.६७ झाले. हे ओझे सर्वांवर सारखे पडलेले नाही. कृष्णवर्णीय, आदिवासी व लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांत हे प्रमाण गौरवर्णीय मुलांच्या कितीतरी पट आहे. लठ्ठपणा सारखा असला तरी धोका सारखा नसतो.

हा भेद नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो त्याचा अर्थ लावण्याचा. दुष्काळात चरबी साठवून तगणारी प्रकृती सुबत्तेत घातक ठरते, अशी उपपत्ती जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडली. अ‍ॅरिझोनातील पिमा आदिवासी हे तिचे ठळक उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले. परंतु या पिमांचेच रक्तबांधव मेक्सिकोच्या डोंगराळ भागात शेतीवर जगतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मधुमेहाचे प्रमाण अमेरिकेतील पिमा प्रौढांत ३८ टक्के, तर मेक्सिकोतील पिमांत ६.९ टक्के आढळले. रक्त तेच, जगणे मात्र निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतवाल्यांनी गिला नदीचे पाणी वरच्या अंगालाच वळवले. पिमांची शेती बुडाली आणि पुढे सरकारी शिध्यातील मैदा, साखर व चरबी त्यांच्या ताटात आली. पाण्यावरील त्यांच्या हक्काची तडजोड कायद्याने झाली ती २००४ मध्ये!

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी परिसरातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आपली अर्भके वजनाने इंग्लंडमधील अर्भकांहून बरीच कमी असली तरी त्यांच्या अंगची चरबी त्या मानाने घटलेली नसते. ज्याला आपण वंशाचा गुण म्हणतो, त्यात मातेच्या पोषणाचाही वाटा असतो, असा या संशोधनाचा रोख आहे.

तेव्हा अधिक धोका असलेल्या मुलांची तपासणी लवकर व्हावी, यासाठी डॉक्टरांनी वंशाचा विचार अवश्य करावा. शासनाला मात्र ही सबब सांगता येणार नाही. गर्भवतीला सकस आहार, मुलांना खेळायला मैदान आणि गरिबाला परवडेल असे चांगले अन्न देणे शासनाच्या हाती आहे. ते न देता रक्ताला दोष देणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.