सर, एक डाऊट होता!

सोमवार सकाळ, साडेआठ. संचेती चौकाजवळचा सिग्नल. ऑफिसची कॅब गेली दहा मिनिटं जागची हललेली नाही. ड्रायव्हरदादांनी इंजिन बंद करून टाकलंय. बाजूला सीओईपीची जुनी दगडी इमारत, आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉपवर एक फॉर्म उघडा आहे. आमच्या टीममधल्या फ्रेशरचा कन्फर्मेशन फॉर्म. सहा महिने प्रोबेशन झालं, आता तिला कायम करायचं की आणखी तीन महिने लटकवायचं, हे त्यावर ठरणार. ठरवणार कोण? तर अस्मादिक!

'सुधारणेला वाव' या रकान्यात मी शुक्रवारीच लिहून ठेवलं होतं, 'प्रश्न फार विचारते. आधी ऐकून घ्यायला शिकायला हवं.' फक्त सबमिट दाबायचं बाकी होतं.

आता खरं काय घडलं ते सांगतो. बाहेर कुठे बोलू नका.

दर गुरुवारी दुपारी मी फ्रेशर मंडळींचं ट्रेनिंग घेतो. चाळीस स्लाइड्स, दीड तास, मध्ये एक फालतू जोक. तीन आठवड्यांपूर्वी बाराव्या स्लाइडला हिचा हात वर. "सर, एक डाऊट होता. हेच रेकॉर्ड दुसऱ्यांदा आलं तर ते दोनदा मोजलं जाईल ना?" मी म्हटलं, "डाऊट्स शेवटी." शेवटी काय म्हटलं? "मला मीटिंग आहे, डॉक्युमेंट वाच, त्यात सगळं आहे."

मीटिंग नव्हती. मला प्रश्नच कळला नव्हता! जुन्या सिस्टीमवर मी सहा वर्षं काढलीत, तिथे झोपेत विचारलंत तरी उत्तर देईन. ही नवी सिस्टीम मात्र माझ्यासाठीही नवीच. पण 'सर' म्हणवून घेणाऱ्याने असं बोलायचं कसं?

पुढच्या शुक्रवारी रात्री क्लायंटच्या रिपोर्टमधले आकडे दुप्पट! सगळ्या टीमचा शनिवार पाण्यात. कारण काय, तर तेच रेकॉर्ड दुसऱ्यांदा आलं होतं. मी मॅनेजरला सांगितलं, "टेस्टिंगमध्ये निसटलं." चूक शोधून दुरुस्त कोणी केली? तिनेच, पाऊण तासात. आणि 'मी विचारलं होतं' असं एका शब्दाने म्हणाली नाही. तेच जास्त झोंबलं. त्यानंतर मी तो फॉर्म भरला. आता कळलं, ते वाक्य कुठून आलं?

काल रविवारी मामाकडे जेवायला गेलो होतो. मामा इंजिनीअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टीम्स शिकवून रिटायर झालाय. मटण झालं, सोलकढी झाली, आणि मी हा किस्सा सांगितला (अर्थात स्वतःला जरा बरं दाखवून). मामा काही बोलला नाही. उठून कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. 'लिनिअर सिस्टीम्स', लेखक थॉमस कैलाथ, 1980.

इलेक्ट्रिकल किंवा ईअँडटीसी केलेल्या मंडळींना हे नाव आठवत असेल. आमच्या बॅचला या पुस्तकाची ओळख झाली ती फिकट झेरॉक्समधून, तीही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. लेखक कुठलातरी अमेरिकन म्हातारा असणार, एवढंच डोक्यात. मामा म्हणाला, "अरे, पुण्याचा माणूस आहे हा! तुझी कॅब रोज त्याच्या कॉलेजवरून जाते."

खरंच की! कैलाथ यांचा जन्म 1935 चा, पुण्यातला. घर मल्याळी, शाळा कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स, आणि 1956 साली सीओईपीतून टेलिकम्युनिकेशनमध्ये बी.ई. तिथून थेट अमेरिकेतलं एमआयटी. 1961 मध्ये तिथली डॉक्टरेट. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची डॉक्टरेट मिळवणारा भारतात जन्मलेला हा पहिला विद्यार्थी. मग वर्षभर कॅलिफोर्नियातली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, 1963 पासून स्टॅनफर्ड विद्यापीठ, 1968 मध्ये पूर्ण प्रोफेसर. पुढे सगळी कारकीर्द त्याच विद्यापीठात. 2001 पासून प्रोफेसर इमेरिटस. 2007 मध्ये आयईईईचं मेडल ऑफ ऑनर, 2009 मध्ये पद्मभूषण, 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स. सीव्ही म्हणावा तर असा!

पण मामाला मेडल्स दाखवायची नव्हती. तो म्हणाला, "या माणसाने दर दहा वर्षांनी काय केलं ते बघ."

साठच्या दशकात विषय होता कम्युनिकेशन आणि इन्फर्मेशन थिअरी. त्यात नाव झालं. आपण काय केलं असतं? त्याच नावावर रिटायरमेंटपर्यंत गाडी ढकलली असती. हे गृहस्थ सत्तरच्या दशकात गेले लिनिअर सिस्टीम्स, एस्टिमेशन आणि कंट्रोलकडे. ऐंशीच्या दशकात चिपची रचना आणि अनेक अँटेनांमधून येणाऱ्या सिग्नल्सचं गणित. नव्वदच्या दशकात तर थेट चिप बनवण्याचा कारखाना!

ती शेवटची उडी जरा समजून घ्या. चिपवरच्या रेषा प्रकाशाने 'छापतात'. रेषा प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक हवी असेल तर छाप फिसकटतो, जसं घर रंगवायच्या जाड ब्रशने कोणी सही करायला बसावं. शंभर नॅनोमीटरच्या खाली जाणं त्या काळी मोठा अडसर मानलं जात होतं. कैलाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही अडचण सिग्नल प्रोसेसिंगचं गणित म्हणून पाहिली. शेजारशेजारच्या भागांतून जाणाऱ्या प्रकाशलहरींचा टप्पा असा बदलायचा की मधल्या जागेत त्या एकमेकींना खोडून काढतील आणि तिथे बारीक, स्पष्ट रेष उरेल. असे खास मास्क आधी माहीत होते, पण ते खऱ्याखुऱ्या गुंतागुंतीच्या चिपसाठी आखायचे कसे, हा प्रश्न होता. त्या कामातून 1995 मध्ये न्यूमरिकल टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली. 2003 मध्ये ती सिनॉप्सिसने घेतली.

आता माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो वेगळाच. वयाच्या पन्नाशीनंतर, इतकं नाव झाल्यावर, ज्या विषयातलं आपल्याला फारसं येत नाही त्याच्या वर्गात हा माणूस बसला कसा? लाज नाही वाटली?

उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. ते एकटे कधीच गेले नाहीत. प्रत्येक नव्या विषयात शिरले ते विद्यार्थ्यांना आणि बाहेरून आलेल्या संशोधकांना बरोबर घेऊन. त्यांच्या हाताखाली शंभरहून अधिक पीएचडी आणि पोस्ट-डॉक तयार झाले. 'हाताखाली' हा शब्द मी सवयीने लिहिला, तिथे 'बरोबर' म्हणायला हवं. स्टॅनफर्डचाच विद्यार्थी राहिलेल्या नरेन गुप्ता याच्याबरोबर त्यांनी 1980 मध्ये इंटिग्रेटेड सिस्टीम्स ही कंपनी काढली. कालचा विद्यार्थी आजचा पार्टनर! आपल्याकडे कालचा ट्रेनी आज शेजारच्या क्युबिकलमध्ये बसला तरी आपल्या पोटात दुखतं.

आणखी एक गोष्ट ऐका. आरोग्यस्वामी पॉलराज हे भारतीय नौदलातले अधिकारी. शिक्षण लोणावळ्याच्या नेव्हल कॉलेजमधलं, पीएचडी दिल्लीच्या आयआयटीची. नौदलासाठी सोनार बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. 1991 मध्ये कमोडोर पदावरून निवृत्त होऊन ते स्टॅनफर्डला कैलाथ यांच्या गटात आले. तिथे त्यांना कल्पना सुचली की एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी, अनेक अँटेनांमधून वेगवेगळा डेटा पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा वेगळा करायचा. म्हणजे चार मावश्या एकदम बोलतायत, पण ऐकणाऱ्याला प्रत्येकीचं वेगळं ऐकू येतंय! कैलाथ यांचा या कामात सहभाग होता. दोघांच्या नावावरचं पेटंट 1994 मध्ये मंजूर झालं. आज हेच तंत्र 'मायमो' नावाने तुमच्या वायफाय राउटरमध्ये आणि 4जी-5जी फोनमध्ये आहे. सोनारवाल्याचं ऐकून घेणारा प्रोफेसर भेटला नसता तर? असो.

मामाने शेवटी पेन मागितलं आणि पेपरच्या कडेला दोन बाण काढले. एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. म्हणाला, "हे त्याचं 1966 चं काम, शाल्कवाइक नावाच्या विद्यार्थ्याबरोबर केलेलं. तुला लागू पडतं म्हणून सांगतो."

प्रश्न असा की गोंगाटातून निरोप पाठवायचा तर चूक कशी टाळायची? एक उपाय म्हणजे लांबलचक, किचकट कोड वापरायचा. दुसरा यांचा. ऐकणाऱ्याने आपल्याला काय ऐकू आलं ते परत कळवायचं, आणि पाठवणाऱ्याने पुढच्या वेळी फक्त चुकलेला भाग दुरुस्त करून पाठवायचा. शॅनन यांनी 1956 मध्येच दाखवलं होतं की अशा फीडबॅकने वाहिनीची कमाल क्षमता वाढत नाही. पण या दोघांनी दाखवलं की काम विलक्षण सोपं होतं आणि चुका फार झपाट्याने कमी होतात. अट एकच, परतीची वाट स्वच्छ हवी. तिथे गोंगाट नको.

मग 1968 चा 'इनोव्हेशन्स'चा विचार. नवी माहिती हाती आली की तिच्यातून जे आधीच ठाऊक होतं, जे आपण वर्तवू शकत होतो, ते वजा करायचं. उरतं तेच खरं नवं. अंदाज सुधारायचा तो त्या उरलेल्या भागाने.

"आता सांग," मामा म्हणाला, "तुझ्या चाळीस स्लाइड्समध्ये तुला आधीच ठाऊक नव्हतं असं काय होतं?"

काहीच नव्हतं. त्या दीड तासात खोलीत नवी गोष्ट एकच आली होती. तिचा डाऊट. आणि परतीच्या वाटेवर गोंगाट कोण घालत होतं, हे काय वेगळं सांगायला हवं?

गणिताचा असा अर्थ लावणं हा आमच्या मामाचा उद्योग आहे, कैलाथ यांच्या माथी मारू नका. पण त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिलं की तो अर्थ ओढूनताणून आणलेला वाटत नाही. मामा मला सोडायला खाली आला तेव्हा गेटपाशी हळूच म्हणाला, "मी तीस वर्षं शिकवलं. त्यातली पहिली दहा नुसता बोलत होतो. ती पोरं आता भेटली की मला ओशाळल्यासारखं होतं."

आता तुमच्यातले काही हुशार म्हणतील, दर दहा वर्षांनी फील्ड बदलायचं ना, मग आम्ही तर दीड वर्षाने कंपनी बदलतो! बॉस, गल्लत नको. पॅकेज बदलणं वेगळं आणि विषय बदलणं वेगळं. हा माणूस एकाच विद्यापीठात राहिला आणि प्रत्येक विषयात एवढा मुरला की त्यावर लोकांना पुस्तक वाचावं लागलं. मग पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसला. आपण बहुतेक जण उलटं करतो. जागा बदलतो, आणि जे येतं तेवढंच सगळीकडे मिरवतो.

तर, संचेती चौक. सिग्नल सुटला. कॅब हलली, सीओईपी मागे पडलं, आणि मी ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'हिने विचारलेला प्रश्न ट्रेनर म्हणून मी टाळला. तो ऐकला असता तर क्लायंटकडची चूक झाली नसती. कायम करावं.' सबमिट दाबताना बोट थरथरलं, खोटं कशाला बोलू? हा फॉर्म मॅनेजर वाचतो, आणि माझं अप्रेजल पुढच्या महिन्यात आहे.

दुपारी मॅनेजरने बोलावलं. दार लावून घेतलं. पाच मिनिटं जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि तिच्या फॉर्मवर सही केली. माझ्या अप्रेजलचं काय होईल ते पुढच्या महिन्यात कळेल.

गुरुवारी मी बाराव्या स्लाइडपासून सुरुवात करणार आहे. ती स्लाइड तिनेच समजावून सांगावी असं तिला सांगितलं, तर ती घाबरलीच. "सर, मला नीट नाही येणार." मी म्हटलं, "मलाही येत नाही. दोघं मिळून बघू."

क्षणभर थांबून म्हणाली, "सर, मग आणखी एक डाऊट होता."

या वेळी मी खुर्ची ओढून बसलो.