त्या ‘गरीब’ कॉलेजचा खर्च १२ कोटी होता

मार्च आला की व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरायला लागते. अमेरिकेतल्या एका छोट्या, गरीब कॉलेजनं बास्केटबॉलमध्ये बलाढ्य विद्यापीठाला लोळवलं. खाली ठळक अक्षरात: ‘सुविधा नाहीत म्हणून रडणाऱ्यांसाठी.’

गोष्ट खरी आहे. खालची ओळ लबाड आहे, म्हणून लिहितोय.

कॉलेज म्हणजे जर्सी सिटीचं सेंट पीटर्स. (त्याच गावातल्या न्यूअर्क ॲव्हेन्यूवर आपली मंडळी पोहे नि कढीपत्ता आणायला जातात.) २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ होते. प्रत्येक गटात १६ मानांकनं, यांचं १५ वं. १७ मार्चला पहिल्याच सामन्यात समोर केंटकी, आठ वेळचे विजेते. जादा वेळेत ८५-७९! डॅरिल बँक्सचे २७ गुण, बदली म्हणून आलेल्या मिशीवाल्या डग एडर्टचे २०. मग मरे स्टेटला ७०-६०, पर्ड्यूला ६७-६४. १५ व्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठात पोचण्याची ही पहिलीच वेळ. तिथे नॉर्थ कॅरोलायनानं ६९-४९ असं थांबवलं. केंटकीचा सामना आजही बघताना अंगावर काटा येतो. पोरांचं श्रेय मला तसूभरही कमी करायचं नाही.

पण फॉरवर्ड इथंच संपतो. पुढचं कोणी सांगत नाही.

२७ मार्चला संघ हरला. ३० मार्चला प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉल या मोठ्या विद्यापीठात गेले. त्यांना दोष देत नाही, विद्यार्थी असताना ते तिथंच खेळले होते. पाठोपाठ बँक्स गेला, एडर्ट गेला, एनडेफो गेला, ड्रामे जुळे भाऊ गेले, मॅथ्यू ली गेला. पुढच्या हंगामात १४ विजय, १८ पराभव. कोणी म्हणेल, २०२४ ला परत आले की. आले. टेनेसीनं ८३-४९ नं घरी पाठवलं.

म्हणजे जिद्दीनं तीन सामने जिंकता येतात. संघ टिकवायला पैसाच लागतो.

आणि ‘गरीब’ म्हणजे किती गरीब? सेंट पीटर्सचा या एका संघावरचा वर्षाचा खर्च १६ लाख डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या भावानं १२ कोटी रुपये! केंटकीचा १.८ कोटी डॉलर होता, त्यांच्या प्रशिक्षकाचा पगारच ८० लाखांच्या वर, म्हणून हे गरीब. पण शिष्यवृत्ती, पगारी प्रशिक्षक, नूतनीकरण केलेलं बंदिस्त मैदान, सगळं होतं. अनवाणी पोरं नव्हती ती.

आमच्याकडच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी हीच गोष्ट सांगितली. जिद्द असेल तर सुविधा लागत नाहीत, वगैरे. टाळ्या पडल्या. मी बातमीसाठी गेलो होतो. पाहुण्यांच्या गाड्या बास्केटबॉलच्या कोर्टवर लावलेल्या होत्या. एका बाजूच्या रिंगला जाळी नाही, दुसऱ्या बाजूला रिंगच नाही. शारीरिक शिक्षणाचे सर तासिका तत्त्वावर. आणि पोरांना सांगताय रडू नका? रडतंय कोण? मागतायत ती! हक्काचं मागणाऱ्याला रडका ठरवायचं आणि वर त्याला अमेरिकेची अर्धीच गोष्ट ऐकवायची, हा धंदा आता पुरे झाला.

पालकांनो, प्रवेशाची पावती घरात असेल तर काढा. बऱ्याच पावत्यांवर क्रीडा शुल्क वेगळं लिहिलेलं असतं. तेवढ्याला विद्यार्थीसंख्येनं गुणा. आकडा घेऊन प्राचार्यांकडे जा आणि गेल्या वर्षी त्यातले किती, कशावर खर्च झाले ते लेखी मागा. अनुदानित कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज चालतो, फी दहा रुपये. अर्ज लिहायला येत नसेल तर मला मेसेज करा, मी लिहून देतो.