दुखणे मराठी, कागद कानडी

गेल्या आठवड्यात खानापूर तालुक्यातील एक शेतमजूर जोडपे आमच्या कचेरीत आले. पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. शस्त्रक्रियेसाठी मदतीचे आवाहन छापा, अशी त्यांची विनंती होती. घरची एकुलती एक म्हैस विकायला काढली होती. सोबत अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाची एक चिठ्ठी होती. ती कानडीत. वाचणारे घरात कोणी नाही, म्हणून चार महिने ती ट्रंकेत पडून होती. मुलीला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे, अशी शिफारस तीत होती. म्हणजे अडले होते ते पैशापाशी नव्हे, लिपीपाशी!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष, फाटलेले ओठ-टाळू, वाकडे पाय यांवरील उपचार त्यात मोफत होतात. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र तातडीचा प्रसंग सोडल्यास सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. ती चिठ्ठी हीच खरी किल्ली. ती मराठी आईबापांच्या हाती कानडीत द्यायची आणि समजावून सांगायचे नाही, याला काय म्हणावे?

जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे देशाचे मान्य धोरण आहे. घटनेचे ३५० वे कलम तर राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. हरकत घेणाऱ्यांनी निदान आपली योजना तरी मराठीत सांगावी.

आमचे आपल्या माणसांनाही सांगणे आहे. कानडी वाचता येणे हा मराठीशी द्रोह नव्हे. गावोगावच्या तरुण मंडळांनी कानडी वाचणारा एक मुलगा या कामाला नेमावा. गणपतीच्या वर्गणीइतक्याच उत्साहाने घरोघरच्या ट्रंकेतल्या चिठ्ठ्या बाहेर काढाव्यात. भाषेचा लढा चालूच राहील. पण आजारी लेकराला त्याच्या निकालापर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

त्या मुलीच्या तपासण्या आता सुरू झाल्या आहेत. म्हैस गोठ्यातच आहे. गेलेले चार महिने मात्र कोणी परत देणार नाही.